अडीच तास

करमाडच्या अलीकडे-पलीकडे, जालना रस्त्याच्या कडेनं कापूस फुटला की माझा राग ताजा होतो. लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो, तुरीच्या ओल्या शेंगा आठवतात, ट्रंकेतून बाहेर काढलेल्या गोधडीचा वास आठवतो. मला शकील आठवतो. चार वर्षं झाली, एकही हिवाळा मी त्याला मनातल्या मनात, आणि बरेचदा मनाबाहेरही, शिव्या दिल्याशिवाय जाऊ दिलेला नाही. आपल्या घरातल्या बायका डूख धरतात, असं माझे वडील म्हणायचे. ते चेष्टेनं म्हणायचे. मी ते मनावर घेतलं.

यंदाही तसंच झालं. सकाळी दुकानाचं शटर वर करत होते, तर मुकुंदवाडीच्या रस्त्यावरून मेंढरं चाललेली. रिक्षावाले हॉर्न देतायत, पुढे खांद्यावर काठी आडवी टाकलेला एक म्हातारा, मागे घोड्यावर लादलेलं अख्खं बिऱ्हाड आणि त्या बिऱ्हाडावर पाय बांधलेली एक कोंबडी. लोकरीचा तो उग्र वास माझ्या औषधांच्या दुकानात शिरला आणि स्पिरिटच्या वासात मिसळून गेला. दुकानाच्या वरच आमचं घर आहे. गॅलरीत आई उभी होती. आम्ही मूळचे मेंढरांचेच. माणूस कुठल्या गावचा हे आई अजून त्याच्या वहाणांवरून ओळखते, आणि ती म्हाताऱ्याच्या पायांकडेच बघत होती. मी बघत होते मेंढरांच्या पलीकडे, समोरच्या फुटपाथवर. तिथे शकीलची लॅब होती. लॅब कसली, दहा बाय दहाचा गाळा. रक्ता-लघवीचे नमुने घ्यायचे आणि मोठ्या लॅबला पाठवून द्यायचे, एवढाच त्याचा व्याप. दार अर्धंच उघडं होतं. बाहेरच्या बाकावर उपाशीपोटी येऊन बसणारं एकही माणूस नव्हतं.

ते बाकडं रिकामं करायला मला चार वर्षं लागली.

कोरोनाचं दुसरं वर्ष होतं ते. त्या उन्हाळ्यात माझ्या दुकानासमोर काय रांगा लागायच्या, ते आता सांगितलं तर खोटं वाटेल. लोक औषधाचं नाव विसरायचे आणि दवाखान्यातल्या आपल्या माणसाचं नाव घेऊन रडायचे. वाफेची मशिनं, ऑक्सिमीटर, आणि चिठ्ठी पुढे करणारा हात. त्या उन्हाळ्याची मला एवढीच चित्रं दिसतात. मग पाऊस येऊन गेला, कापूस फुटला आणि सगळं शहर जरा सैल झालं. तेव्हा स्टेशनच्या पाटीवर औरंगाबाद होतं. लग्नं पुन्हा लागू लागली, मास्क नाकावरून हनुवटीवर आले. त्याच दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा, आखातातून फोन आला. तिचा नवरा तिकडे एका कंपनीत स्टोअरकीपर आहे. तिला सातवा संपत आला होता. याआधीची दोन तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच गेलेली, म्हणून तोपर्यंत तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आक्का, आईला पाठव. बाकी कुणी नको मला."

आईला पाठवणं म्हणजे काय, ते आता कुणाला आठवतही नाही. माणसं सगळं विसरली, याचाही मला राग आहे. त्या दिवसांत परदेशी जायला पासपोर्ट आणि व्हिसा ही तर नुसती सुरुवात होती. लशीच्या दोन्ही डोसांचं प्रमाणपत्र हवं, त्यावर पासपोर्टचा नंबर चढवलेला हवा. कोरोनाचा खर्च धरणारा विमा हवा. तिकडच्या सरकारच्या ॲपवर आधी नोंद, तिची मंजुरी, मंजुरीची प्रिंट. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला आरटी-पीसीआर, तो निगेटिव्ह हवा आणि विमान सुटतं त्या घटकेला नमुना घेऊन बहात्तर तासांच्या वर झालेले नकोत. नियम दर आठवड्याला बदलायचे. सकाळी वाचलेला नियम संध्याकाळी शिळा.

मला मात्र हे सगळं आवडत होतं, हे कबूल करते. मी डी. फार्म झालेली, आमच्या भावकीतली पहिली. कुणाला न कळणारे बारीक अक्षरातले कागद वाचून सोपे करून सांगणं हा माझा रोजचा धंदा आणि रोजचा तोरा. मी एक निळी फाइल केली. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मागच्या बाजूनं सगळं गणित मांडलं. नमुने पुण्याला जायचे, संध्याकाळच्या गाडीनं. रविवारी गाडी नाही. विमान मुंबईहून मंगळवारी दुपारी बाराला. म्हणजे नमुना शनिवारीच द्यायला हवा, आणि बारानंतरच द्यायला हवा. मी एक वाजताची वेळ ठरवली. एक तास शिल्लक. हा एक तास शिल्लक ठेवल्याबद्दल मी स्वतःवर इतकी खूश होते, की नवऱ्याला तो पुठ्ठा दोनदा दाखवला.

आईची तयारी वेगळीच चालली होती. तिनं स्वतःच्या जुन्या लुगड्याची सहा दुपटी शिवली, धुऊन-वाळवून मऊ केली. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा यांच्या पुड्या बांधल्या. तिकडच्या शहरात पाट मिळेल का, पाचवीच्या पूजेला तो लागतो, असं मला विचारत राहिली. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. त्या वेळी घरात जाणतं बाईमाणूस नसेल तर काय लिहिलं जाईल कोण जाणे, ही तिची काळजी. मी हसायचे. तिला तोंडावर मास्क आणि वरून प्लॅस्टिकची काच लावून बसायची सवय मी लावली होती, ती तशीच बसून भाजी निवडायची आणि म्हणायची, "मेंढराच्या तोंडाला मुसकी बांधत्यात तसं झालं गं."

शनिवारची तारीख सांगितली तेव्हा मात्र ती अडून बसली. त्या दिवशी सकाळी दहाला अमावस्या लागत होती. शेजारच्या बाईकडून तिनं कॅलेंडर वाचून घेतलं होतं. "आवसंला काई सुरू करायचं नाय," ती म्हणाली, "आन् ह्ये तर पोरीच्या पोटातलं काम हाय." मी तिला समजावलं, की तू काही त्या दिवशी निघत नाहीस, फक्त नाकात काडी घालून घ्यायची आहे. ती म्हणाली, ज्या घटकेला काडी घातली त्याच घटकेपासून तुमचं सरकार मोजतंय ना, मग निघाले त्याच घटकेला. खरं तर नियम माझ्यापेक्षा तिला जास्त कळला होता. मी म्हटलं, विषाणूला पंचांग कळत नाही आई. हे वाक्य मी नंतर दुकानातही दोघा-तिघांना ऐकवलं. आई गप्प झाली. मला वाटलं, पटलं.

आमचे वडील मेंढरं घेऊन गोदाकाठी गंगथडीला उतरायचे, ते दसऱ्यानंतर. जायचा दिवस मेंढरांच्या आणि पावसाच्या सोयीनं ठरे. मुहूर्त मात्र देवाच्या सोयीचा लागे. दोन्ही जमले नाहीत, तर आई परस्थान ठेवायची. चांगल्या घटकेला वडिलांची काठी आणि घोंगडीत बांधलेली मूठभर ज्वारी वेशीजवळच्या एका घरी नेऊन ठेवायची. झालं, माणूस निघाला. मग तो प्रत्यक्षात दोन दिवसांनी का निघेना. लहानपणी मला याची फार गंमत वाटे. वडील अंगणात चहा पीत बसलेले असायचे आणि आई लोकांना सांगायची, ते कालच गेले. कुणालाही त्यात खोटं वाटत नसे.

तर त्या शनिवारी शकील बरोबर एक वाजता वर गेला. मला दुकानात गर्दी होती, मी जाऊ शकले नाही. दहा मिनिटांनी तो खाली आला, हातातली थंड डबी दाखवून मान हलवली आणि गेला. सिल्लोडकडचा माणूस, चाळिशीचा, सौम्य. माझं निम्मं गिऱ्हाईक त्याच्याकडचं आणि त्याचं निम्मं माझ्याकडचं, असा आमचा तेव्हा शेजार होता. सोमवारी सकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. निगेटिव्ह. मी नाव बघितलं, पासपोर्टचा नंबर बघितला, क्यूआर कोड उघडतो का ते बघितलं. वेळ बघितली नाही. वेळ मीच ठरवलेली होती, तिच्यात काय बघायचं?

मुंबईच्या विमानतळावरचा तो काउंटर मला अजून स्वप्नात दिसतो. काचेच्या मागे एक मुलगी, डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर काच. तिनं सगळे कागद उलटून पाहिले आणि एका जागी बोट ठेवलं. नमुना घेतल्याची वेळ, शनिवार, सकाळी साडेनऊ. विमान बाराचं. अडीच तास जास्त झाले होते. मी म्हणाले, हे चुकीचं लिहिलंय, नमुना एक वाजता घेतला, मी स्वतः बघितलंय. ती म्हणाली, मॅडम, मी कागद बघते. मी तिच्या हाता-पाया पडले, मग भांडले, मग पुन्हा हाता-पाया पडले. तिथल्या तिथे टेस्ट करून घेऊ म्हटलं, तर तो रिपोर्ट विमान सुटायच्या आत येणार नव्हता. लशीच्या कागदापासून विम्यापर्यंत निळ्या फाइलमधलं सगळं बरोबर होतं. आई त्या वेळी ट्रॉलीला धरून उभी होती. तिनं त्या कागदाकडे एकदाही पाहिलं नाही. "परत कवा बोलवत्यात?" एवढंच विचारलं.

परत कुणी बोलावलंच नाही. नव्या विषाणूच्या बातम्या सुरू झाल्या होत्या, त्या आठवड्यात तिकडचे नियम पुन्हा फिरले आणि भेटीच्या व्हिसावर येणाऱ्यांचं दार लागलं. बाराव्या दिवशी सुनंदा अडली. नवरा पॉझिटिव्ह निघाल्यानं त्याला वेगळं ठेवलं होतं. ती एकटी टॅक्सीनं गेली, एकटीनं सही केली, पोट फाडून मूल काढलं तेव्हा बाहेर तिचं कुणीही नव्हतं. मूल जगलं, देवाची कृपा. पण पुढचे कित्येक महिने ती मुलाला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसायची, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं. पाचवी कुणी पुजली नाही. सव्वा महिन्यानं तिनं फोन केला. स्पीकरवर होता, आई शेजारीच बसली होती. सुनंदा म्हणाली, "आक्का, तुला एक कागद नीट बघता आला नाही का?"

त्यानंतर ती माझ्याशी धड बोललेली नाही. एकदा सुट्टीवर आली, जालन्याला सासरी राहिली, आमच्याकडे दोन दिवस आईपाशी होती. मी चहा दिला तर थँक्यू म्हणाली. सख्खी बहीण थँक्यू म्हणते तेव्हा काय होतं, ते ज्याला म्हटलं जातं त्यालाच कळतं. पोरगा फोनवर आज्जी आज्जी करतो. मी मोबाइलसमोर आले की तिकडची रेंज जाते.

मुंबईहून परतल्यावर मी आधी शकीलच्या गाळ्यात गेले होते. रिपोर्ट त्याच्या टेबलावर आपटला. त्यानं वेळेचा रकाना पाहिला. मग म्हणाला, "हौ ताई. मैंच लिख्या. चुकी झाली." बस. कारण नाही, सबब नाही. त्यानं काहीतरी थाप मारली असती, तर कदाचित मी भांडून मोकळी झाले असते. तेवढ्या शब्दांनी माझा राग पिकायला घातला. मी ठरवून टाकलं, की हा सकाळीच सगळ्या घरांचे फॉर्म एकदम भरून ठेवतो, आळशी, आणि वेळेच्या रकान्यात जे सुचेल ते टाकतो.

सूड म्हटलं की लोकांना सुरा-बिरा आठवतो. औषधाच्या दुकानातला सूड फार सोपा असतो. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करतं आणि विचारतं, ताई, रक्त कुठं तपासू? मी नुसतं समोर बघायचे आणि म्हणायचे, तिथं नको. का? मग मी सांगायचे. मी खोटं कधीच बोलले नाही, हा माझा मोठा अभिमान होता. खरं तेवढंच सांगायचे: त्यानं वेळ खोटी लिहिली, माझ्या आईचं विमान चुकलं, बहीण एकटी बाळंत झाली, जो वेळ खोटी लिहितो तो साखरेचा आकडा खरा लिहील कशावरून? एवढं पुरायचं. डॉक्टरांनाही सांगितलं. हळदीकुंकवात सांगितलं. एक बाई म्हणाली, अहो ते लोक तसलेच. ते लोक म्हणजे कोण, हे मला कळलं. मी तिला गप्प करायला हवं होतं. मी गप्प बसले, कारण ते माझ्या सोयीचं होतं. त्या दिवसाची मला लाज वाटते, पण मी थांबले नाही.

आधी बाकावरची माणसं कमी झाली. मग त्यानं पाटी नवीन रंगवली, शुगर टेस्ट स्वस्त केली. मग पाटी विटली. मी सकाळचा चहा काउंटरवर उभी राहून प्यायचे आणि बाकावरची माणसं मोजायचे. सात. चार. दोन. तो मला रोज नमस्कार करायचा आणि मी रोज तोंड फिरवायचे. संध्याकाळी जेवताना आजचा आकडा घरात सांगायचे. नवरा कंटाळला होता. आई तर मी त्याचं नाव काढलं की पाणी आणायला उठायची. "जेवताना नगं," म्हणायची, कधी, "जाऊ दे गं आता." मला वाटायचं, मऊ काळजाची आहे, तिला दुःख आठवतं.

मेंढरं गेली त्याच दिवशी दुपारी शकीलनं पाटी उतरवली. शिडीवर एक माणूस, खाली तो. मी दारात येऊन उघड उघड बघत उभी राहिले. पाटी भिंतीला टेकवून तो रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आला. दुकानात कुणी नव्हतं. चार वर्षांत केस पार पांढरे झाले होते. त्यानं स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, सिल्लोडला जातोय, भावाच्या मक्याच्या धंद्यात. मग विचारलं, अम्मा कशा आहेत?

मी गोळ्या त्याच्यापुढे टाकत म्हणाले, आईचं नाव काढू नकोस. खोटी वेळ लिहिताना आई आठवली नाही का तुला?

तो गोळ्यांकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, खोटं मी लिहिलं, ते माझंच. पर किसके बोलने पे लिख्या, वो कभी पूछे नै तुम."

 तो सांगत गेला, अर्धं मराठीत, अर्धं त्याच्या बोलीत. तो एक वाजता वर गेला, तर आई नाक पुढे करीना. आधी दहाच्या आतली वेळ लिही म्हणाली, मग काडी घाल. अमावस्या लागायच्या आत निघाल्यासारखं झालं पाहिजे. त्यानं समजावलं, अम्मा, वेळेचं मोजमाप असतं. तर तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "अम्मा बोली, लेकरा, पोरीची दोन गेली. मी आवसंला निघाले आन् ह्ये बी गेलं तर मी कुनाला तोंड दावू?" मग म्हणाला, "मां हाथ पकड को बोली तो मैं नक्को कैसा बोलूं? बहात्तर घंटे में दो-तीन घंटे इधर-उधर, मला वाटलं चालून जाईल."

मग मला का नाही सांगितलं, मी विचारलं. 

"अम्मा बोली, पोरगी शिकलेली हाय, तिला नको सांगू, हसंल." आणि वर म्हणाला, "वैसे भी, चुकी मेरीच ना. कुणाच्या सांगण्यावरून वेळ लिहायची नसते." त्यानं गोळ्या खिशात टाकल्या. मला सलाम केला आणि गेला. मला माफी मागता आली असती. रस्ता ओलांडायला त्याला चांगला वेळ लागला, मोठ्या गाड्या चालल्या होत्या. मी काउंटरला धरून उभी राहिले.

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी शकीलची दया आली नाही. चार वर्षं साठवलेला राग एका क्षणात कुठे जाणार? तो नुसता वळला. सुनंदा स्पीकरवर मला विचारत होती, एक कागद नीट बघता आला नाही का, तेव्हा आई माझ्या शेजारी बसली होती. तिनं ऐकलं होतं. एक शब्द बोलली असती, पोरी, माझ्यामुळं झालं, तर आज माझी बहीण मला थँक्यू म्हणाली नसती. तिनं मला तसंच राहू दिलं. शकीललाही तसंच राहू दिलं. रोज संध्याकाळी मी बाकावरची माणसं मोजून दाखवायचे आणि ती पाणी आणायला उठायची.

संध्याकाळी वर गेले तर आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले. म्हणाले, शकीलनं लॅब बंद केली, सिल्लोडला चालला. माझ्यामुळं. हे शेवटचं मी मुद्दाम सावकाश म्हणाले, आणि तिच्या हातांकडे बघत म्हणाले. हात थांबले.  मग तिनं विचारलं, "काई म्हनला का त्यो?"

हा प्रश्न चार वर्षं जुना होता. तिच्या डोळ्यांत मला ते दिसलं, की मी हो म्हणावं, ओरडावं, भांडावं, आणि एकदाचं संपावं. पंचाहत्तर वर्षांची बाई माझ्याकडे बघत होती, आणि तिची सुटका माझ्या एका शब्दावर होती.

"नाही," मी म्हणाले. "तो काय म्हणणार."

शकील गप्प राहिला तो तिच्यासाठी. मी गप्प राहिले ती तिला सलत राहावं म्हणून. तिनं मान खाली घातली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी तिथेच बसून तिच्याकडे बघत राहिले, आणि मला बरं वाटलं.